नातं नसलेल्या दोन भाषा : जपानी आणि ह्मोंग

पुण्यात जपानी शिकणारी माणसं ढिगानं सापडतात. कुणाची एन-फोर परीक्षा झालेली असते, कुणी एन-थ्रीला दुसऱ्यांदा बसणार असतं, कुणाचा भाचा नागोयात असतो. ‘ह्मोंग’ हे नाव ऐकलेला माणूस मात्र शोधावा लागतो, आणि सापडलाच तर त्यानं ते बहुधा क्लिंट ईस्टवुडच्या ‘ग्रॅन टोरिनो’ या २००८ सालच्या सिनेमात ऐकलेलं असतं. मग या दोन भाषा एकाच पुस्तकात आणायचा खटाटोप कशासाठी, असं वाचक विचारणारच. उत्तर दोन वाक्यांत मावणारं नाही, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

आधी ह्मोंगांची ओळख. हे डोंगरातले लोक. चीनच्या नैऋत्येकडचे ग्वेइचौ, युन्नान, सिच्वान हे प्रांत आणि तिथून खाली उतरत गेलेल्या व्हिएतनाम, लाओस, थायलंडच्या उत्तरेकडच्या रांगा, हा त्यांचा मुलूख. चीनमध्ये सरकारदरबारी त्यांची गणना ‘म्याव’ नावाच्या मोठ्या गटात होते. या गटातल्या कितीतरी लोकांना एकमेकांची भाषा कळत नाही. ह्मोंग हा त्यातला एक समूह. लाओसमध्ये अमेरिकेनं गुपचूप चालवलेल्या युद्धात अनेक ह्मोंग तिच्या बाजूनं लढले. १९७५ साली पारडं फिरलं आणि त्यांना मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत जावं लागलं. तिथून मिनेसोटा, विस्कॉन्सिन, कॅलिफोर्निया. आज अमेरिकेत तीन लाखांहून अधिक ह्मोंग आहेत. काहींना फ्रान्सनं दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात नेऊन वसवलं. तिथल्या काकाओ नावाच्या गावी ते भाजीपाला पिकवतात आणि कायेनच्या बाजारात विकतात. स्वतःचं राज्य नाही, राजधानी नाही, आणि गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांच्यात रुळलेली लिपीही नव्हती. दुसऱ्या बाजूला जपानी : बारा कोटींवर बोलणारे, एक राष्ट्र, आठव्या शतकापासूनचं लिखित वाङ्मय. इतकी विजोड जोडी शोधूनही सापडणार नाही.

तरीही या दोघांना शेजारी बसवण्याचा मोह जपानमध्येच फार जुना आहे. तोरिइ र्‍यूझो हा मानववंशशास्त्रज्ञ तैवानच्या आदिवासींमध्ये काम करून १९०२ साली ग्वेइचौच्या डोंगरात पोचला. त्याचा म्याव लोकांवरचा अहवाल १९०७ साली प्रसिद्ध झाला. पुढे नाकाओ सासुके या वनस्पतिशास्त्रज्ञानं हा धागा उचलला. नाकाओ १९५८ साली भूतानमध्ये भटकून आला होता, आणि तिथलं जंगल, तिथली पिकं, तिथलं खाणं पाहून त्याला आपल्याच देशाची आठवण होत होती. १९६६ साली आलेल्या त्याच्या छोट्याशा पुस्तकातून एक मोठा सिद्धान्त उभा राहिला. हिमालयाचा पायथा, आसाम, युन्नान, दक्षिण चीन आणि पश्चिम जपान या सगळ्या पट्ट्यात सदाहरित, चकचकीत पानांचं एकच जंगल आहे, आणि त्या जंगलाच्या आश्रयानं एकच संस्कृती वाढली, असं त्याचं म्हणणं. पुरावा काय? चिकट तांदूळ कुटून केलेले गोळे. चहा. रेशीम. झाडाच्या चिकापासून केलेलं रोगण. डोंगरउतारावरची फिरती शेती. आंबवलेले सोयाबीन : जपानात नात्तो, नेपाळ-सिक्कीमकडे किनेमा, नागालँडमध्ये अखुनी. आणि सगळ्यात गोड पुरावा म्हणजे तरुण मुलामुलींच्या गाण्यांचे सवाल-जवाब. प्राचीन जपानात त्सुकुबा डोंगरावर असे मेळे भरत. ग्वेइचौच्या म्याव गावांत ते विसाव्या शतकातही भरत होते.

हे वाचून कुणालाही वाटावं की आता भाषेचं नातंही निघणार. ते काढायचा प्रयत्नही झाला. पॉल बेनेडिक्ट हा अमेरिकन विद्वान पेशानं मानसोपचारतज्ज्ञ आणि हौसेनं भाषाशास्त्रज्ञ. अर्थात अशी हौस भल्याभल्या प्राध्यापकांना झेपली नसती. १९७५ साली त्यानं आपल्या ‘ऑस्ट्रो-थाई’ नावाच्या विशाल कुळात ह्मोंगच्या पूर्वज भाषेला जागा दिली आणि १९९० साली जपानीलाही त्याच छपराखाली आणलं. या हिशेबानं जपानी आणि ह्मोंग या लांबच्या बहिणी ठरतात. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांनी हे मानलं नाही, आणि मीही मानत नाही. दोन भाषांचं नातं सिद्ध व्हायला शब्द सारखे दिसून भागत नाही. एका भाषेतला ठरावीक ध्वनी दुसरीत दर वेळी ठरावीक ध्वनी होऊन यावा लागतो, तोही हात, पाणी, दगड, मरणं अशा साध्या घरगुती शब्दांत. मराठी ‘सात’ आणि लॅटिन ‘सेप्तेम’ यांच्यामागे असे नियम उभे आहेत. जपानी आणि ह्मोंग यांच्यामध्ये ते नाहीत. जपानीचे निर्विवाद नातेवाईक म्हणजे ओकिनावा आणि आसपासच्या बेटांवरच्या र्‍यूक्यूअन भाषा, एवढेच. ह्मोंगचे नातेवाईक म्हणजे म्याव गटातल्या इतर भाषा आणि थोडी लांबची मिएन. आंबवलेलं सोयाबीन हातोहात हजार मैल जाऊ शकतं. त्याच्याबरोबर व्याकरण जातंच असं नाही.

मात्र नातं नाही म्हणून तुलनेचं काम संपत नाही. माझ्या मते ते तिथून सुरू होतं. मराठी आणि हिंदी शेजारी ठेवल्या तर जे सारखं दिसेल त्याला ‘वारसा’ असं एका शब्दात उत्तर देता येतं आणि डोकं चालवायची गरज उरत नाही. नातं नसलेल्या भाषांत मात्र प्रत्येक साम्याचा वेगळा जाब द्यावा लागतो : हे कुणाकडून आलं, की दोघींनी आपापलं शोधलं, की निव्वळ योगायोग?

एक उदाहरण जवळून पाहू. शंभरला ह्मोंगमध्ये म्हणतात ‘पुअ’ आणि जपानीत ‘ह्याकु’. हजारला ह्मोंगमध्ये ‘त्स्हिअ’, जपानीत ‘सेन’. ऐकायला काही संबंध दिसत नाही. पण जपानीत तीनशे मोजा : ‘सान्ब्याकु’. सहाशे मोजा : ‘रोप्प्याकु’. आकड्याच्या कुशीत शिरल्यावर ह्याकुमधला ‘ह’ आपलं मूळ रूप दाखवतो. तो एके काळी ‘प’ होता. आता ‘पुअ’ आणि ‘प्याकु’ शेजारी ठेवा, आणि त्यांच्यासोबत हाँगकाँगच्या बाजारात आजही ऐकू येणारा शंभराचा ‘पाक’ ठेवा. दोघींनी हा शब्द चिनीकडून घेतला आहे. हजाराचंही तेच, चिनी ‘छ्येन’ दोन दिशांना गेला. म्हणजे ज्यांना नात्याचा पुरावा हवा होता त्यांच्या हाती लागली ती उधारीची चिठ्ठी. उधारी घेण्याची तऱ्हा मात्र दोघांची वेगळी. जपाननं चिनी शब्द समुद्रापलीकडून मागवून घेतले : भिक्षूंच्या पोथ्यांतून, दरबारी कागदांतून, लिपीसकट. ह्मोंगांना चीन आयता अंगावर आला. सपाटीवर हान शेतकरी आणि महसूल गोळा करणारे अंमलदार, डोंगरात हे. शब्द आले ते बाजारहाटातून, कानानं, अक्षराशिवाय. ह्मोंगमधले चार ते नऊ हे आकडे तर त्याहून जुन्या उधारीतले, तिबेटी-बर्मी शेजाऱ्यांकडून आलेले, असं अभ्यासक मानतात. अगदी आपले म्हणावे असे आकडे उरतात दोन आणि तीन.

या पुस्तकाचं सगळ्यात मोठं प्रकरण ध्वनींचं आहे, आणि ते मोठं होणं भागच होतं. ह्मोंगमध्ये ‘पॉ’ हा एकच उच्चार घ्या. उंच सुरात म्हटला तर चेंडू. उंचावरून खाली घसरत म्हटला तर मादी. मध्यावरून वर चढवला तर फेकणं. मधल्या सपाट सुरात प्लीहा, खालच्या सुरात काटा. श्वास मिसळून, जरा घोगरट काढला तर वडिलांची आई. खालच्या सुरात घसा आवळून झटकन तोडला तर दिसणं. हे सूर म्हणजे वाक्यातला राग-लोभ नव्हे. ‘काना’ आणि ‘मात्रा’ जितका अर्थ बदलतात तितकाच सूर बदलतो. नव्या वर्षाच्या सणात मुलगे एका रांगेत आणि मुली समोरच्या रांगेत उभ्या राहून चेंडू झेलतात आणि गाणी म्हणतात. तोरिइ-नाकाओंना भुरळ घातलेली सवाल-जवाबाची प्रथा ह्मोंगांकडे या रूपात आहे. त्या खेळाचं नाव ‘पॉ पॉ’. पहिला पॉ चढता, दुसरा उंच : फेक चेंडू. सूर काढून टाकले तर ‘आजी काटा’ही होईल.

हे सूर आले कुठून? मराठी वाचकाला हे कळायला चीनपर्यंत जायला नको, पंजाबपर्यंत गेलं तरी पुरे. पंजाबी माणूस ‘घोडा’ म्हणतो तेव्हा घ ऐकू येत नाही. क ऐकू येतो आणि मागोमाग आवाज खाली जाऊन वर येतो. घ, झ, ध, भ झिजले आणि जाताना आपली खूण सुरात ठेवून गेले. ह्मोंगच्या पूर्वज भाषेत हेच दोन टप्प्यांत घडलं. शब्दाच्या शेवटची व्यंजनं गळाली आणि त्यांच्या जागी सूर आले; नंतर सुरुवातीचे सघोष वर्ण अघोष झाले आणि प्रत्येक सुराचे दोन झाले. मार्था रॅटलिफ यांचं २०१० सालचं पुस्तक या इतिहासाचा आज सर्वांत भरवशाचा आधार आहे.

जपानीत सूर नाही, पण चढ-उतार आहे, आणि मराठी विद्यार्थी नेमका तिथेच ढिला असतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक वर्गांत तो शिकवतच नाहीत. तोक्योत ‘हाशि’ पहिल्या अक्षरावर उंच म्हटलं तर जेवायच्या काड्या, दुसऱ्यावर उंच म्हटलं तर पूल. क्योतोत गेलात की हे उलटं होतं. एवढी उलथापालथ होऊनही तोक्यो आणि क्योतोची माणसं एकमेकांशी सुखानं बोलतात. म्हणजे जपानी या चढ-उतारावर फार भार टाकत नाही. ह्मोंगनं सूर असा उलटा केला तर बोलणंच बंद पडेल.

मग जपानी भार कशावर टाकते? क्रियापदाच्या शेपटीवर. ‘ताबेसासेरारेताकुनाकात्ता’ हा एक शब्द आहे. ताबे म्हणजे खाणं, मग लावणं, मग लावलं जाणं, मग इच्छा, मग नकार, मग भूतकाळ : ‘मला कुणी खायला लावावं असं मला वाटत नव्हतं’. ह्मोंगमध्ये यातली प्रत्येक गोष्ट सुटा शब्द होऊन येते. क्रियापदाला काळ नाही, पुरुष नाही, वचन नाही. ते कधीच बदलत नाही. ‘कु नॉ मॉ लाउ’ : मी, खा, भात, झालं. जेवून झालं. शब्दांचा क्रमही कर्ता, क्रियापद, कर्म असा, जपानीच्या आणि आपल्या उलट.

मराठी माणसाला जपानी व्याकरण सोपं जातं हे खरं आहे. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामामागे, हे तर आहेच. पण मला त्याहून नवल वाटतं ते ‘-ऊन’चं. जपानीत ‘शिते मिरु’ म्हणजे अक्षरशः ‘करून बघणं’, आणि अर्थही तोच : प्रयत्न करणं. ‘शिते ओकु’ म्हणजे ‘करून ठेवणं’, पुढच्या सोयीसाठी. ‘शिते शिमाउ’ म्हणजे आपलं ‘करून टाकणं’, संपवून मोकळं होणं. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्यांना यावर पानंच्या पानं वाचावी लागतात. मराठी मुलाला ‘करून बघ’ एवढं सांगितलं की झालं. ह्मोंगमध्ये ‘-ऊन’ नाही, क्रियापदं नुसती एकापुढे एक येतात. तरी ‘खाऊन बघ’ म्हणायला तिथेही खाण्याच्या मागे ‘बघ’ याच अर्थाचं क्रियापद येतं. तीन भाषा, तीन कुळं, आणि तिघींना प्रयत्न करणं म्हणजे बघणं वाटतं. याला उधारी म्हणता येत नाही. माणसाचं डोकं असंच चालतं, एवढाच याचा अर्थ असावा.

मोजण्याचंही एक प्रकरण आहे, ते थोडक्यात सांगतो. जपानीत दोन पेन्सिली म्हणायचं तर लांब वस्तूंचा ‘होन’ लावावा लागतो, दोन कागदांना ‘माइ’, दोन पुस्तकांना ‘सात्सु’. आकडा आला तरच हा शब्द लागतो. एरवी नाम मोकळं. ह्मोंगमध्ये तो आकड्याशिवायही लागतो. ‘कु लु चे’ म्हणजे माझं घर, आणि त्यातला ‘लु’ हा घर, गाडी, देश अशा ऐसपैस गोष्टींचा. मूठ असलेल्या हत्यारांना वेगळा, चपट्या वस्तूंना वेगळा, माणसं-जनावरांना वेगळा. आपल्याकडे ‘चार जण’ आणि ‘चार नग’ यांपुढे गाडी जात नाही. बंगालीत आणि त्याहून जास्त असमियात मात्र अशा शब्दांची फौज आहे, आणि असमिया हे सगळं शेजाऱ्यांच्या संगतीनं शिकली असं मानायला जागा आहे.

सर्वनामांत मराठी वाचकाला आपलंसं काही सापडेल ते ह्मोंगमध्ये. आपण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे ठेवतो. ह्मोंग लोक ‘आम्ही दोघं’ आणि ‘आम्ही सगळे’ वेगळे ठेवतात, तसंच तुम्ही आणि ते यांचंही. संस्कृतचं द्विवचन जिवंत पाहायचं असेल तर मिनेसोटात जावं. जपानीत सर्वनामं गाळण्याकडे कल, आणि सगळा मान-अपमान क्रियापदावर : साधं खाणं ‘ताबेरु’, मोठ्या माणसाचं खाणं ‘मेशिआगारु’, स्वतःचं नम्रपणे खाणं ‘इतादाकु’. ह्मोंगमध्ये असली क्रियापदं नाहीत. तिथे मान नात्याच्या शब्दातून दिला जातो, आणि तो बरोबर द्यायला समोरच्याचं कूळ ठाऊक असावं लागतं, कारण एकाच कुळात लग्न चालत नाही, त्यामुळे कोण भाऊबंद आणि कोण सोयरा हे कुळावरूनच कळतं.

भाताचं मात्र दोघींचं एकमत आहे. शेतातलं पीक जपानीत ‘इने’, ह्मोंगमध्ये ‘म्ब्ले’. सडलेले तांदूळ ‘कोमे’ आणि ‘त्स्हु’. शिजलेला भात ‘गोहान’ आणि ‘मॉ’. शिजलेल्या भाताचाच शब्द दोन्हीकडे ‘जेवण’ या अर्थी चालतो. इंग्रजी या सगळ्याला एका शब्दात उरकते. आपल्याला साळ, तांदूळ, भात यात काही शिकवावं लागत नाही. कोकणातला शेतकरी मात्र शेतातल्या पिकालाही भात म्हणतो आणि ताटातल्यालाही, आणि मधल्या तांदळाला तेवढं वेगळं ठेवतो. हा भाग लिहिताना मला सगळ्यात जास्त मजा आली, हे लपवत नाही. त्याच्या जवळपास पोचणारं एकच प्रकरण आहे : लखलख, धो धो, चिडीचूप अशा शब्दांचं. जपानीत त्यांचा खजिना आहे. ‘किराकिरा’ म्हणजे लखलख, ‘झाझा’ म्हणजे धो धो पाऊस. ह्मोंगमध्ये अशी शब्दजोडी दोन सुरांच्या जोडीवर बांधलेली असते, आणि ती सुरांची जोडीच आवाज कसा, हालचाल कशी, हे सांगते. सुराला स्वतःचा असा अर्थ कसा असू शकतो, यावर रॅटलिफ यांनी १९९२ साली लिहिलं.

आता लिप्यांकडे वळतो. जपानी मुलं आपली अक्षरं ज्या क्रमानं पाठ करतात तो क्रम असा : आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. स्वरही अ, इ, उ, ए, ओ. ही आपलीच वर्णमाला आहे, मधली काही घरं गाळलेली. कूकाइ हा भिक्षू ८०६ साली चीनहून परतला तेव्हा त्यानं सिद्धम् लिपीतले संस्कृत ग्रंथ बरोबर आणले. पुढे संस्कृत उच्चारांचा अभ्यास करणाऱ्या भिक्षूंच्या परंपरेतून ही मांडणी रुजली. प-वर्गाच्या जागी ‘हा’ कसा, हे कोडं ‘रोप्प्याकु’ ऐकलेल्या वाचकाला पडायला नको. जपानी स्मशानांत थडग्यामागे उभ्या केलेल्या लाकडी पट्ट्यांवर सिद्धम् अक्षरं आजही रंगवलेली दिसतात.

दुसरा धागा गोव्यातून जातो. १५८२ साली जपानमधून चार ख्रिस्ती मुलं युरोपला पाठवली गेली. परतताना ती गोव्यात थांबली, आणि त्यांच्यातल्या हारा मार्तिन्होचं लॅटिन भाषण १५८८ साली गोव्यातच छापलं गेलं. छपाईचं यंत्र ती युरोपातून घेऊन निघाली होती; १५९० साली ते जपानला पोचलं. त्यावर रोमन लिपीत छापलेल्या जपानी पुस्तकांत १५९२ सालची ‘हेइके’ वंशाची कथा आहे, आणि तिथे त्या नावाची सुरुवात ‘फे’नं होते. म्हणजे तेव्हा प सुटला होता, ह अजून आला नव्हता, ओठ मधल्या घरात होते. चोवीस वर्षांनी, १६१६ साली, गोव्याच्या राचोलमध्ये थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं : मराठी भाषा, रोमन लिपी. धर्मप्रसारकाच्या रोमन अक्षरांतून आपली भाषा पाहण्याचा अनुभव मराठीलाही आहे.

ह्मोंगांच्या वाट्याला तो १९५०च्या दशकात आला. लाओसमध्ये इव्ह बर्त्रे हा फ्रेंच कॅथलिक पाद्री आणि स्मॉली व बार्नी हे दोन अमेरिकन प्रोटेस्टंट यांनी मिळून एक रोमन लेखनपद्धती बसवली. टंकलेखन यंत्रावर सुरांची चिन्हं कुठून आणणार? त्यांनी तोड काढली ती झकास. ह्मोंग शब्दाच्या शेवटी व्यंजन उच्चारलंच जात नाही, मग ती जागा सुराला द्यायची. शेवटी बी आला तर उंच सूर, जे आला तर घसरता, व्ही आला तर चढता. स्वर दोनदा लिहिला की तो नाकातला. त्यामुळे ‘ह्मोंग’ हे नाव लिहिलेलं पाहून इंग्रजी वाचणारा ‘ह्मूब’ म्हणतो. शेकडो वर्षांपूर्वी गळालेली शेवटची व्यंजनं सूर ठेवून गेली, आणि सूर लिहायला पुन्हा शेवटची व्यंजनंच आली. ही गंमत त्या तिघांच्या ध्यानात आली असेल की नाही, कोण जाणे.

ही पद्धत आज जगभर चालते. पण माझा जीव अडकला आहे तो दुसऱ्या एका लिपीत. शाँग लू यांग हा शाळेचं तोंड न पाहिलेला शेतकरी. त्याला ना चिनी वाचता येत होतं, ना लाओ, ना फ्रेंच. १९५९ साली त्यानं ‘पाहाउ’ ही लिपी लोकांपुढे ठेवली आणि पुढची काही वर्षं ती सुधारत नेली. आपल्या लिपीत व्यंजन हा देह आणि स्वर हे दागिने. व्यंजनाला काही लावलं नाही तर त्यात अ आहेच असं धरतो. शाँग लूनं बरोबर उलटं केलं. त्याच्या लिपीत सुरासकट स्वर हा देह. तो आधी लिहायचा, व्यंजन नंतर, आणि वाचायचं मात्र व्यंजन आधी. आणि स्वराला व्यंजन लावलंच नाही तर त्यात ‘क’ आहे असं धरायचं. आपल्या प्रत्येक अक्षरात अ दडलेला, त्याच्या प्रत्येक अक्षरात क दडलेला. सुरांवर चालणाऱ्या भाषेचं मर्म रोमन पद्धत बसवणाऱ्या त्या तिघांपेक्षा या निरक्षर माणसानं जास्त अचूक ओळखलं, असं माझं मत आहे. त्याच्यामागे अनुयायी जमू लागले तसा लाओसच्या युद्धातल्या दोन्ही बाजूंना त्याचा संशय येऊ लागला. १९७१ साली त्याला ठार मारण्यात आलं. २०१४ साली त्याची लिपी युनिकोडमध्ये दाखल झाली.

लिपी नव्हती म्हणून ह्मोंगांजवळ वाङ्मय नव्हतं असं मात्र कुणी समजू नये. ‘केंग’ नावाचं सहा बांबूनळ्यांचं वाद्य त्यांच्या अंत्यविधीत वाजतं. ते वाजतं म्हणण्यापेक्षा बोलतं म्हणावं. वादक शब्दांचे सूर नळ्यांतून काढतो आणि मृताला जन्मगावापर्यंतची वाट सांगतो. जाणकार ऐकणाऱ्याला त्यातले शब्द कळतात. जपानीत हे शक्य नाही, मराठीतही नाही. त्यासाठी भाषेचा निम्मा अर्थ सुरात असावा लागतो.

शेवटी लेखनाविषयी दोन शब्द. जपानी शब्द देवनागरीत लिहिणं अवघड गेलं नाही. ह्मोंगनं मात्र घाम काढला. ‘त्स’साठी ‘चूल’मधला च आपल्याकडे आहे, पण तो लिहायचं वेगळं अक्षर नाही. ह्मोंगच्या सुरुवातीचा ध्वनी आपल्या ‘म्हैस’मधल्या ‘म्ह’च्या अगदी जवळ जातो आणि चकवतो : आपला म्ह सघोष आहे, त्यांच्याकडे ओठ मिटून नाकातून आधी नुसता श्वास सोडतात आणि मग स्वर काढतात. म्हणून ‘म्होंग’ न लिहिता ‘ह्मोंग’ लिहिलं आहे. ते शंभर टक्के बरोबर आहे असा माझा दावा नाही. सूर दाखवायला पुस्तकात शब्दाच्या डोक्यावर आकडे दिले आहेत. प्रस्तावनेत ते गाळले.

मिनियापोलिस-सेंट पॉलकडे बरीच मराठी कुटुंबं राहतात. सेंट पॉलमध्ये ह्मोंग विक्रेत्यांचे मोठे बाजार आहेत. तिथून अनेक जण भाजीही आणत असतील. त्यांना विनंती आहे की पुढच्या वेळी तिथल्या एखाद्या आजीबाईंकडून ‘पॉ’चे सातही सूर म्हणवून घ्यावेत, पुस्तकातल्या आकड्यांशी ताडून पाहावेत, आणि जिथे आमचं देवनागरी कमी पडलं असेल तिथे प्रकाशकांच्या पत्त्यावर कळवावं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू.